आमांचं मानधन कोण देणार?

दिवाळी उलटली की नेपाळच्या लमजुङ जिल्ह्यातल्या डोंगरांवर कोदो कापणीला येतो. कोदो म्हटलं की आपल्याला कोद्रा आठवतो, पण तिथला कोदो म्हणजे आपली नाचणी. गावाच्या खालच्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांची खाचरं होती. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळे आमा म्हणजे आई म्हणायचो, त्या एका खाचरात कणसं खुडत होत्या. ताट उभं ठेवायचं, विळ्यानं नुसतं कणीस घ्यायचं आणि मूठ भरली की पाठीवरच्या डोकोत टाकायचं. डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली. तिचा पट्टा, नाम्लो, कपाळावर घेतात आणि सगळं ओझं मानेवर तोलतात. बरोबर आलेल्या अकरा विद्यार्थ्यांपैकी दहा जण बांधावर उभे होते. अकरावी मुलगी अकोले तालुक्यातली. ती खाली उतरली, "आमच्याकडं हिला नागली म्हणतात," असं कुणालाच उद्देशून न म्हणता बोलली आणि आमांच्या हातातला विळा मागून घेतला.

अर्ध्या तासानं आमा हात थांबवून तिच्याकडं बघत होत्या.

त्या रात्री अगेनोपाशी, म्हणजे चुलीपाशी, दोघींचं बोलणं संपता संपेना. आमा नेपाळीत बोलत होत्या, ही मराठीत आणि मोडक्या हिंदीत. यंदा दाणा भरला का, माकडं किती नासाडी करतात, तुम्ही भाकरी थापता की ढिँडो, म्हणजे पिठाचा घट्ट गोळा, घाटता, आंबील ठाऊक आहे का. पुण्यातल्या वर्गात ही मुलगी वर्षभरात चार वाक्यं बोलली नसेल. परदेशातल्या एका स्वयंपाकघरात तिच्या माहितीला किंमत होती, आणि तिला प्रश्न विचारणारी बाई त्या विषयातली जाणकार होती. मी तिथं शिक्षक म्हणून गेलो होतो. त्या रात्री शिकवणारं माणूस दुसरंच होतं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर बसलं होतं.

हे सगळं सांगायचं कारण असं की विद्यार्थ्यांना परदेशातल्या दुर्गम खेड्यात नेऊन ठेवणं हा आता आपल्याकडंही रुळत चाललेला प्रकार आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला आणि कम्युनिटी एंगेजमेंटला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, आले. त्यामागोमाग 'हिमालयातल्या गावात सात दिवस' अशी पॅकेजं घेऊन सहल कंपन्या कॉलेजांच्या दारात उभ्या राहिल्या. जाण्यायेण्याचे दिवस वजा केले तर हातात चार उरतात. त्यावर प्रमाणपत्र मिळतं. श्रेयांकही मिळावेत अशी मागणी असते. विद्यार्थ्यांनी जावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या घरात ती राहतात, ज्या बाईकडून शिकतात, तिला आपण शिकवणारी मानतो की राहण्या-जेवणाची सोय करणारी मानतो, यावर सगळं ठरतं. ती शिकवणारी असेल तर तिला शिक्षकाचा मान हवा, शिक्षकाचं मानधन हवं आणि विद्यार्थ्याबद्दल मत देण्याचा अधिकारही हवा. हे जमत नसेल तर त्याला सहल म्हणावं. सहलीत वाईट काहीच नाही, पण तिला श्रेयांक नसतात.

माझं हे मत एका चुकीतून बनलं आहे. त्याआधी काही वर्षांपूर्वी मी अशाच एका गावात चौतीस विद्यार्थी घेऊन गेलो होतो. आयोजन एका सहल कंपनीचं होतं, पण होकार माझाही होता. पहिल्या सकाळी साडेसहाच्या आत गावचा धारा आटला. धारा म्हणजे झऱ्याचं पाणी आणून सोडलेला सार्वजनिक नळ. त्याच्यावर वरच्या आळीतली सगळी घरं पाणी भरायची, म्हशीही तिथंच पाण्यावर यायच्या. आमच्या मुलामुलींनी आंघोळी केल्या, डोकी धुतली, दोनतीन जणींनी कपडेही धुतले. सात वाजता कळशा घेऊन बायका आल्या तेव्हा नळाला करंगळीएवढी धार होती. कुणी काही बोललं नाही. त्या कळशा ठेवून खाली बसून राहिल्या. एक म्हातारी आमच्या एका मुलाला स्वतःचा टॉवेल वाळत घालायला दोरी दाखवत होती. पाहुण्याला बोलायचं नाही ही त्यांची रीत, आणि त्या रीतीचा आम्ही फायदा घेतला हे मला फार उशिरा उमगलं. परतल्यावर विद्यार्थ्यांच्या अहवालात 'गावकऱ्यांचा साधेपणा' हा शब्द तीसेक ठिकाणी होता. धाऱ्याचा उल्लेख एकातही नव्हता.

गावात किती माणसं मावतात हे गावच्या पाण्यावरून ठरतं, बसच्या सीटवरून नव्हे. नेपाळमधल्या जुन्या होमस्टे गावांना हे आपल्याआधी कळलेलं आहे. स्याङ्जा जिल्ह्यातल्या सिरुबारीत १९९७ च्या सुमारास हा प्रयोग सुरू झाला. तिथली वस्ती मुख्यतः गुरुङ समाजाची, आणि बरीच घरं भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्यांची. पाहुणा थेट कुणाच्या घरी जात नाही. गावची समिती पाळीपाळीनं घरं वाटून देते, दर समितीच ठरवते आणि काही वाटा गावच्या कामाला जातो. नेपाळ सरकारनं २०१० मध्ये होमस्टेसाठी रीतसर नियमावली काढली, त्याआधी कितीतरी वर्षं गावं हे स्वतःच्या अकलेनं चालवत होती. अशा गावाशी सरळ समितीमार्फत बोलता येतं. मधल्या दलालाची गरज पडत नाही.

'आपण त्यांना काय देणार' या प्रश्नापाशी आपली मंडळी हमखास अडकतात. याचं मूळ आपल्या शिबिरांच्या सवयीत आहे. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, आणि तेव्हापासूनच्या पिढ्या तिच्या विशेष शिबिरात वाढल्या आहेत. श्रमदान, वृक्षारोपण, प्रबोधनाचं पथनाट्य. त्या योजनेनं शहरातल्या पोरांना गावाची वाट दाखवली, तिचे उपकार आहेतच. पण शिबिराच्या अहवालात आपण गावासाठी काय केलं ते लिहितो, गावानं आपल्याला काय शिकवलं ते लिहीत नाही. हाच साचा घेऊन आपण परदेशात जातो आणि तिथल्या शाळेत दोन दिवस इंग्रजी शिकवतो. रंगांची नावं, आठवड्याचे वार, एक गाणं. पाचवीच्या वर्गातल्या मुलांनी आमच्या विद्यार्थ्यांच्या पुढं जाऊन ते गाणं पूर्ण केलं, कारण त्या वर्षात ते शिकवणारे आम्ही पहिले नव्हतो. त्या दोन दिवसांत त्यांच्या शिक्षिका वर्गाच्या मागच्या बाकावर बसून होत्या. त्यांचा गणिताचा धडा राहिला तो राहिलाच.

नेपाळमध्ये या परोपकाराचं फार काळं टोक लोकांनी पाहिलं आहे. काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या भागांत अनाथालयं फोफावली आणि त्यांतल्या पुष्कळ मुलांचे आईवडील डोंगरातल्या गावांत जिवंत होते. शिक्षणाच्या आमिषानं मुलं आणली जायची, कारण परदेशी स्वयंसेवक आणि त्यांच्या देणग्या अनाथ मुलांकडं वळायच्या. युनिसेफला याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला. चांगल्या मनानं आलेल्या तरुणांच्या पैशांवर हे चाललं होतं. म्हणून 'हेतू चांगला आहे' एवढ्यावर मी कुठल्याही कार्यक्रमाला मान्यता देणार नाही.

ज्यांना खरंच काम करायचं होतं ती माणसं राहिली किती दिवस, ते बघा. अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक संस्थेचे स्वयंसेवक १९६२ पासून नेपाळच्या खेड्यांत गेले. त्यांची नेमणूक दोन वर्षांची असायची, आणि त्याआधी काही महिने नेपाळी भाषा घोटून घेतली जायची. त्यामागं अमेरिकेचं राजकारण होतं हे उघड आहे. पण गावातल्या घरात राहून शिकवायचं तर भाषा आणि वर्षं लागतात, एवढं तरी त्यांना मान्य होतं. आपण चार दिवसांत सेवा उरकतो.

मला सर्वांत भावतो तो जपानमधला प्रयोग. नागानो प्रांतातल्या यासाका या डोंगराळ गावात १९७६ मध्ये 'सानसोन र्‍युगाकु' सुरू झाला. अर्थ सरळ आहे, डोंगरातल्या गावी जाऊन शिकणं. शहरातली शाळकरी मुलं आईवडिलांना सोडून वर्षभर गावात राहतात. काही दिवस वसतिगृहात आणि काही दिवस शेतकऱ्याच्या घरी. ती गावच्याच शाळेत जातात, पायी जातात. पुढं जपानमध्ये कितीतरी गावांनी ही पद्धत उचलली, आणि त्यामागं गावाची स्वतःची गरजही होती. तरुण माणसं शहरात गेलेली, शाळेचा पट घसरलेला. बाहेरून दहा मुलं आली तर शाळा टिकते. पाहुण्यांची गरज तिथं गावाला आहे, म्हणून गाव अटी घालू शकतं.

नेपाळच्या डोंगरातही शाळांचे पट घसरत आहेत. २०२१ च्या जनगणनेत देशाबाहेर असलेल्यांचा आकडा सुमारे २२ लाख होता, एकूण लोकसंख्या तीन कोटींच्या आत असताना. परदेशातून येणारा पैसा देशाच्या एकूण उत्पन्नाच्या पावपट आहे. लमजुङची लोकसंख्या २०११ ते २०२१ या दहा वर्षांत घटली. आकडे बाजूला ठेवा, आमांचं घर बघा. मुलगा कतारमध्ये. सून नातवाच्या शाळेसाठी पोखऱ्यात भाड्याच्या खोलीत. नवरा भारतीय सैन्याच्या गोरखा रेजिमेंटमधून हवालदार होऊन निवृत्त, त्यांचं पेन्शन भारताकडून येतं. धाकटी मुलगी बारावीला, जिल्ह्याच्या गावी बेसीशहरला. एवढ्या मोठ्या दगडी घरात रात्री दोघंच. २०२२ मध्ये भारतात अग्निपथ योजना आली, तेव्हापासून नेपाळमधली गोरखा भरती थांबलेली आहे. हवालदारांना त्याबद्दल विचारलं तर ते चुलीतलं लाकूड पुढं सारत राहिले. मग म्हणाले, "अब सब खाडी जाएगा." घराघरातून पलटणीत जाणारी वाट बंद झाली आणि विमानतळाची तेवढी उरली, हे त्यांच्या एका वाक्यात होतं.

अशा घरी गेलेल्या विद्यार्थ्याला घराच्या छपरावर पत्रा दिसतो आणि त्याचा हिरमोड होतो. आमच्यातल्या एकानं आमांना विचारलंच, की दगडी चिपांचं छप्पर किती छान दिसायचं, पत्रा का घातला? प्रश्नात उद्धटपणा नव्हता. आमांनी त्याला घरामागं नेलं. उतरवून ठेवलेल्या काळ्या चिपांचा ढीग होता. त्यातली एक त्याला उचलायला सांगितली. त्यानं दोन्ही हातांनी उचलली. "हे दरवर्षी वर चढून सारखं करावं लागतं," हवालदारांनी हिंदीत सांगितलं, "चढणार कोण?" दुर्गम म्हणजे जुनं आणि जुनं म्हणजे सुंदर, हे डोक्यात धरून गेलेल्या पोराला त्या चिपेच्या वजनानं जेवढं कळलं, तेवढं स्थलांतरावरच्या माझ्या तीन तासिकांनी कळलं नव्हतं.

आपण महाराष्ट्रातून जातो तेव्हा आपल्यावर आणखी एक जबाबदारी असते, जी जर्मनीहून किंवा अमेरिकेहून येणाऱ्या विद्यार्थ्यावर नसते. नेपाळी माणूस आपल्या ओळखीचा आहे. आपल्या सोसायटीच्या फाटकावर तो बसतो, हॉटेलात मोमो करतो, रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागा त्याच्या राखणीवर चालतात. पश्चिम नेपाळातली कुटुंबंच्या कुटुंबं हंगामाला कोकणात येतात. आणि त्यांच्याशी आपण बोलतो कसे? नाव न विचारता 'बहादूर' किंवा 'गुरखा', आणि सरसकट 'तू'. नेपाळीत तँ, तिमी आणि तपाईं असे तीन दर्जे आहेत, अनोळखी मोठ्या माणसाला तपाईंच म्हणायचं. जो मुलगा लमजुङमध्ये आमांना तपाईं म्हणायला शिकतो आणि पुण्यात परतल्यावर पार्किंगमधल्या माणसाला त्याचं नाव विचारतो, त्याचा श्रेयांक मी डोळे मिटून देईन.

भाषेची सबब तर आपल्याला चालूच शकत नाही. लिपी देवनागरी आहे. सीमेवर सुनौलीला उतरल्यापासून प्रत्येक पाटी वाचता येते. जाँतो म्हणजे जातं, गोठ म्हणजे गोठा, जुठो म्हणजे उष्टं. शेतात एकमेकांच्या कामाला पाळीनं जायची रीत आहे, तिला पर्म म्हणतात. सावड ज्याला माहीत आहे त्याला पर्म समजावून सांगावं लागत नाही. महिनाभर रोज एक तास दिला तर मराठी मुलगा कामापुरतं नेपाळी बोलू शकतो. तरी आपण हिंदीवर भागवतो, कारण तिथली माणसं हिंदी समजून घेतात. अर्थात गुरुङ घरात नेपाळीही दुसरीच भाषा असते. आमा नवऱ्याशी तमू, म्हणजे गुरुङ, भाषेत बोलायच्या, आमच्याकडं वळल्या की नेपाळीत, म्हणजे आमच्यासाठी त्या एक पायरी खाली उतरूनच येत होत्या.

इथं एक गोष्ट सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. आम्ही गावाच्या वरच्या, उन्हाच्या अंगाला राहिलो. खालच्या अंगाला विश्वकर्मा आणि परियार, म्हणजे लोहार आणि शिंपीकाम करणाऱ्या समाजांची घरं होती, आणि पाहुण्यांच्या पाळीत ती नव्हती. नेपाळमध्ये जातिभेदाला कायद्याचा आधार १९६३ मध्येच गेला, अस्पृश्यतेविरुद्ध २०११ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. पण पाळीची यादी कायद्यानं बनत नाही. ज्या विळ्यानं आम्ही कोदो कापला, तो खालच्याच आळीत घडलेला होता. विद्यार्थ्यांपैकी दोघांनी स्वतःहून विचारलं की आपण खाली का राहत नाही. समितीच्या बैठकीत मी तो प्रश्न मांडला, उत्तर गुळमुळीत आलं. पाहुणे म्हणून आम्ही तिथं नियम लादू शकत नाही, पण पुढच्या खेपेला कुठल्या गावात जायचं हे ठरवताना हा प्रश्न आधी विचारू शकतो, आणि विचारायलाच हवा. ज्यांच्या घरी पाहुणा जात नाही त्यांनाही शिकवण्यासारखं पुष्कळ येतं.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, की आपल्याकडं तोरणमाळ आहे, मेळघाट आहे, भामरागड आहे, मग नेपाळ कशाला? तिथं जावंच, आणि हेच नियम पाळून जावं. तरीही परक्या देशात एक गोष्ट घडते जी इथं घडत नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात तुमचं आडनाव आणि गाव विचारलं की पाच मिनिटांत तुमची जागा ठरते, कुठं बसायचं, कुणाकडं जेवायचं सगळं. लमजुङमध्ये देशमुख काय, पाटील काय आणि कांबळे काय, कुणाला काही अर्थ लागत नाही. अकोल्याच्या त्या मुलीची ओळख तिच्या विळ्यावरून झाली. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदा झालं असं ती म्हणाली, आणि ते ऐकून मी गप्प बसलो.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. ही पॅकेजं ज्यांना परवडतात त्यांचीच मुलं जातात. पण नेपाळ काही युरोप नाही. पुण्याहून गोरखपूरला थेट गाडी आहे, तिथून बस, भारतीयांना व्हिसा लागत नाही. कंपनीचा नफा वगळला तर तीन आठवड्यांचा खर्च सात दिवसांच्या पॅकेजपेक्षा कमी बसतो, हे मी हिशेब मांडून पाहिलं आहे. आमची अकरा जणं गेली ती कॉलेजच्या विद्यार्थी निधीतून आणि माजी विद्यार्थ्यांच्या मदतीतून. त्यांतली पाच जणं शेतकरी घरची होती, आणि गावाशी जे काही नातं जुळलं ते मुख्यतः त्यांच्यामुळं.

मग करायचं काय? माझं म्हणणं असं की विद्यापीठांनी श्रेयांक द्यायचे तर किमान तीन आठवडे गावात राहिलेल्यालाच द्यावेत. घरटी दोघांपेक्षा जास्त नकोत, आणि गावात एकूण किती हे गावानं सांगावं. आधी भाषा शिकवावी आणि तिची परीक्षा घ्यावी. शाळेत शिकवायला, अनाथालयात खेळायला, भिंती रंगवायला बंदी असावी. रोजचं काम घरमालकीण सांगेल ते करावं, वैरण कापणं असो, गुंद्रुकसाठी, म्हणजे आंबवलेल्या पालेभाजीसाठी, पाला सुकवून दाबून भरणं असो, नाहीतर नुसतं बसून ऐकणं असो. होमस्टेचे राहण्या-जेवणाचे पैसे वेगळे. त्यावर शिकवण्याचं मानधन, आणि ते आपण बाहेरून बोलावलेल्या पाहुण्या व्याख्यात्याला तासिकेप्रमाणे देतो त्याच दरानं. एक तास सभागृहात बोलून जाणाऱ्याला आपण पाकीट आणि शाल देतो. तीन आठवडे चुलीपाशी शिकवणाऱ्या बाईला मानधन देताना लेखा विभाग विचारतो की त्यांची शैक्षणिक अर्हता काय. हा प्रश्न मला प्रत्यक्ष विचारला गेला. मी अर्जात लिहिलं की पन्नास वर्षं डोंगरउतारावर शेती करण्याचा अनुभव. अर्ज परत आला.

शेवटी ते पैसे आम्ही वर्गणी काढून दिले. आमांनी नोटा मोजल्या नाहीत, पण कशाचे ते दोनदा विचारलं. शिकवल्याचे, असं सांगितल्यावर त्यांनी हवालदारांकडं बघितलं आणि तमूमध्ये काहीतरी म्हणाल्या. त्यांनी भाषांतर करून सांगितलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बारावीची मुलगी बेसीशहरहून आली होती. तिनं अकोल्याच्या मुलीला विचारलं, "तुमच्याकडं नागली लावतात कधी?" आषाढात, पाऊस धरला की. मग तिनं विचारलं की मी तेव्हा आले तर तुमच्या घरी राहू देतील का. हा प्रश्न आमच्या कुठल्याच कागदात नव्हता. आपल्या मुलांनी तिकडं जाण्यासाठी योजना आहेत, श्रेयांक आहेत, कंपन्या आहेत. तिनं इकडं येऊन राहावं यासाठी एक ओळही कुठं लिहिलेली नाही, ना त्यांच्या देशात, ना आपल्या. भिंतीवर विक्रम संवताचं कॅलेंडर होतं. उलटून गेलेल्या महिन्याचं पान अकोल्याच्या मुलीनं फाडून घेतलं, कोऱ्या बाजूवर वरून खाली एक रेघ ओढली आणि नावं लिहायला लागली. बेसीशहर, दुम्रे, सुनौली, गोरखपूर, नाशिक. नाशिकपाशी थांबून तिनं पेन्सिलीला टोक केलं, कारण तिथून पुढची गावं लहान अक्षरांत लिहावी लागणार होती.